मुलांच्या फुटबॉल लीगपर्यंत कसे पोहोचावे : महाराष्ट्रातील पालकांसाठी

मुलाला किंवा मुलीला फुटबॉलची गोडी लागली आणि सोसायटीच्या आवारात खेळून तिचे मन भरेनासे झाले, की पालक मोबाईलवर जवळची लीग शोधू लागतात आणि सापडलेल्या पहिल्या क्रमांकावर फोन लावून ‘आमच्या मुलाला लीगमध्ये घ्याल का’ असे विचारतात. पलीकडून बहुधा नकार येतो, नाहीतर एखाद्या अकादमीच्या फीचा तक्ता येतो. यात फोन उचलणाऱ्याचा फारसा दोष नसतो, कारण लीग थेट मुलांना प्रवेश देत नाही, ती संघांना देते. जिल्हा संघटना लीग भरवते, क्लब आणि अकादम्या तिच्यात संघ उतरवतात आणि खेळाडूचे नाव त्या संघामार्फतच लीगच्या दप्तरी लागते. म्हणून संघटनेला विचारायचा प्रश्न वेगळा आहे : आमच्या भागातले कोणते क्लब या वयोगटात संघ उतरवतात? या प्रश्नाला उत्तर मिळते, कारण संघटनेकडे ती यादी असतेच.

यासाठी कोण कोणाच्या हाताखाली येते हे आधी समजून घ्यावे. देशपातळीवर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, म्हणजे एआयएफएफ, आहे. महाराष्ट्रात त्याची संलग्न राज्य संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही आहे. १९११ साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या नावात महाराष्ट्र हा शब्दच नसल्यामुळे अनेक पालक भलतीकडेच शोधत राहतात; सगळेजण तिला ‘विफा’ म्हणतात आणि तिचा कारभार मुंबईतल्या कूपरेज मैदानाशी जोडलेला आहे. विफाच्या खाली जिल्हा संघटना येतात. मुंबईत मुंबई फुटबॉल असोसिएशन आहे, जिला जुनी मंडळी अजूनही ‘एमडीएफए’ म्हणतात. पुण्यात पुणे जिल्हा फुटबॉल असोसिएशन, नागपुरात नागपूर जिल्हा फुटबॉल असोसिएशन आणि कोल्हापुरात ‘केएसए’ या नावाने ओळखली जाणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आहे. मुलांच्या कामासाठी थेट विफाला लिहिण्याची गरज सहसा पडत नाही. आपल्या जिल्ह्याची संलग्न संघटना कोणती, हे विफाच्या संकेतस्थळावरून किंवा कार्यालयातून एकदा खात्रीने विचारून घ्यावे आणि पुढचा व्यवहार जिल्ह्याशी करावा.

जिल्ह्याच्या हद्दीवरून मात्र घोळ होतो. वसई-विरारला राहणारे कुटुंब लोकलने रोज मुंबईत येत असले, तरी १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. डोंबिवलीकर ठाणे जिल्ह्यात येतात आणि पनवेलकर रायगड जिल्ह्यात. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे महसुली दृष्टीने दोन जिल्हे असले, तरी फुटबॉलपुरती संघटना एकच आहे. तेव्हा पहिला फोन लावण्यापूर्वी आपण कोणाच्या हद्दीत राहतो आणि मूल ज्या क्लबकडे जाऊ शकेल तो कोणाच्या हद्दीत खेळतो, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. त्या वेगळ्या निघाल्या, तर नोंदणीच्या दृष्टीने सहसा क्लबची हद्द महत्त्वाची ठरते. पण जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी रहिवासाचा पुरावा मागितला जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

फोन आणि ईमेल यांपेक्षा मैदान हा अधिक भरवशाचा पत्ता आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जिल्हा संघटनांचे बहुतेक पदाधिकारी मानद असतात, दिवसा आपापल्या नोकरी-व्यवसायात असतात आणि कार्यालयातला दूरध्वनी उचलायला कोणी असेलच असे नाही. सामन्याच्या दिवशी मात्र मैदानाच्या कडेला एक टेबल मांडलेले असते. त्यावर संघांच्या याद्या आणि खेळाडूंची ओळखपत्रे असतात आणि ती तपासणारा सामना अधिकारी तिथे बसलेला असतो. मुंबईत कूपरेज किंवा वांद्रे रेक्लमेशनचे नेव्हिल डिसोझा मैदान (१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक करणाऱ्या खेळाडूचे नाव त्याला दिले आहे), पुण्यात शिवाजीनगरचे एसएसपीएमएस मैदान, कोल्हापुरात शाहू स्टेडियम अशी ठिकाणे त्या त्या शहरातल्या कोणत्याही फुटबॉलवेड्याला ठाऊक असतात. वयोगटाच्या सामन्यांचे वेळापत्रक मिळवून एका सकाळी तिथे जावे, दोन सामने शेवटपर्यंत पाहावेत आणि सामना संपल्यावरच प्रशिक्षकाशी बोलावे. सामना सुरू असताना टेबलाशी जाऊन चौकशी करणे टाळावे, कारण त्या वेळी तिथला माणूस बदली खेळाडूंच्या चिठ्ठ्यांत गुंतलेला असतो. सामना पाहताना गोल कोण करते यापेक्षा संघ हरत असताना प्रशिक्षक मुलांशी कोणत्या शब्दांत बोलतो आणि राखीव मुलांना मैदानात उतरवतो की नाही, याकडे लक्ष द्यावे. ही माहिती कोणत्याही पत्रकात छापलेली नसते.

कोल्हापूरची रीत थोडी निराळी आहे. तिथे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे मुळात तालीम मंडळांची आहेत आणि फुटबॉलचे संघ त्यांच्याच नावाने उतरतात. त्यामुळे तिथल्या पालकाने संघटनेच्या कार्यालयाआधी आपल्या पेठेतल्या तालमीत जाऊन एखाद्या ज्येष्ठ खेळाडूला विचारणे हाच सरळ रस्ता आहे. लहान मुलांचा सराव कोण घेते आणि तो कोणत्या मैदानावर होतो, हे तिथे एका वाक्यात कळते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

लेखी संपर्क करायचाच असेल, तर मजकूर थोडका आणि नेमका असावा. पालकांच्या पत्रांत मुलाच्या कौतुकाचे दोन परिच्छेद असतात आणि जन्मवर्ष मात्र राहून जाते, तेव्हा सचिवाला उत्तर देणे अवघड होते. पुढील नमुना पुरेसा आहे :

‘मा. सचिव यांस, सप्रेम नमस्कार. आम्ही डोंबिवली पूर्व येथे राहतो. आमच्या मुलीचा जन्म मार्च २०१३ मधील असून ती दोन वर्षे नियमित सराव करत आहे. तिच्या वयोगटासाठी आपल्या जिल्ह्यात मुलींची लीग किंवा स्पर्धा होते का, कल्याण-डोंबिवली परिसरातील कोणते क्लब तीत संघ उतरवतात आणि पुढील हंगामाची खेळाडू नोंदणी साधारण कोणत्या महिन्यात होते, एवढे कळविल्यास आम्ही संबंधित क्लबशी स्वतः संपर्क साधू. आपला विश्वासू.’

यातले शेवटचे वाक्य गाळू नये, कारण आपल्या डोक्यावर नवे काम पडणार नाही हे वाचणाऱ्याला त्यावरून समजते. या पहिल्या पत्रासोबत मुलीचे छायाचित्र, आधार कार्डाची प्रत किंवा शाळेचे नाव पाठवू नये. त्याची या टप्प्यावर कोणालाही गरज नसते आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत पुढे कुठे जाईल, यावर आपला ताबा राहत नाही. आठ-दहा दिवसांत उत्तर न आल्यास तोच संदेश एकदा पुन्हा पाठवावा आणि त्यानंतर मैदान गाठावे. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न वेगळा विचारणे आवश्यक आहे, कारण मुलांच्या लीगची माहिती आपसूक मिळते, मुलींच्या स्पर्धेची मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. अगदी लहान वयात मुले-मुली एकाच संघात खेळू शकतात का, हेही त्याच पत्रात विचारता येईल. एआयएफएफने २०१८ मध्ये सुरू केलेल्या बेबी लीगच्या योजनेत अशा मिश्र संघांना वाव होता.

क्लबची नावे हाती आल्यावर खरी चौकशी सुरू होते. हा क्लब जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का आणि गेल्या हंगामात त्याने आपल्या मुलाच्या वयोगटात संघ उतरवला होता का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. अनेक अकादम्या सराव उत्तम घेतात. पण लीगमध्ये संघ उतरवत नाहीत, किंवा उतरवतात तेव्हा निवडक अठरा-वीस मुलांनाच घेतात आणि बाकीची मुले वर्षभर फी भरून सरावापुरतीच राहतात. यात फसवणूक असतेच असे नाही, पण आधी विचारले नसेल तर मूल हिरमुसते. प्रशिक्षकाकडे एआयएफएफचा डी लायसन्स किंवा आशियाई महासंघाचा सी अथवा बी लायसन्स आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. चांगला प्रशिक्षक ते अभिमानाने सांगतो. महिन्याच्या फीत लीगची प्रवेश फी, किट आणि सामन्यांचा प्रवास धरला आहे की तो वेगळा, बाहेरगावी जाताना मुलांसोबत कोण असते, मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक असते का, याही गोष्टी सुरुवातीलाच बोलून घ्याव्यात.

त्यानंतर कागदपत्रे येतात. एआयएफएफची केंद्रीय नोंदणी प्रणाली आहे. मैदानावर तिला ‘सीआरएस’ म्हणतात. क्लब तिच्यात खेळाडूची माहिती भरतो आणि खेळाडूला ओळख क्रमांक मिळतो. त्यासाठी जन्मदाखला, छायाचित्र आणि ओळखीचा पुरावा तयार ठेवावा. वयोगट बहुधा १ जानेवारी या तारखेवरून मोजला जातो, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेले आणि त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेले मूल एकाच गटात येते. जन्मदाखल्यावर जन्मतारखेबरोबरच नोंदणीची तारीखही असते आणि अधिकारी आधी तिच्याकडे पाहतात. जन्माची नोंद कायद्याने २१ दिवसांत करावयाची असते. ती कित्येक वर्षांनी झालेली असेल, तर शंका घेतली जाणे साहजिक आहे, कारण वयचोरी हे आपल्याकडच्या वयोगट स्पर्धांचे जुने दुखणे आहे. अशा दाखल्याबरोबर रुग्णालयाची नोंद किंवा शाळेतला पहिला प्रवेश दाखवणारा कागद जोडता आला, तर पुढचा त्रास वाचतो. आधार, शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांवरील नावाचे लेखन तिन्हीकडे सारखे आहे ना, हेही आताच पाहावे; वडिलांच्या नावातला एखादा जास्तीचा ‘ए’ सुद्धा नोंदणी अडवून ठेवू शकतो.

एका हंगामात दोन क्लबच्या अर्जांवर सह्या करू नयेत. एका क्लबकडे नोंदणी झाल्यावर दुसऱ्याकडून खेळायचे असेल, तर बदलीची रीतसर प्रक्रिया करावी लागते आणि ती ठरावीक मुदतीतच होते. मित्राच्या संघात खेळाडू कमी पडला म्हणून सहज दिलेली सही मुलाचा अख्खा हंगाम घालवू शकते.

शाळेचा मार्ग यापेक्षा वेगळा असून तो अनेकदा अधिक स्वस्त पडतो. १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो चषकात खेळाडू क्लबकडून नव्हे, तर शाळेकडून उतरतात आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत शाळेचा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जातो. शालेय क्रीडा स्पर्धांचे वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे आहेत. या सगळ्याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करायची असते, फुटबॉल संघटनेकडे नव्हे, आणि तीही पालकांनी स्वतः करण्याऐवजी शाळेच्या क्रीडाशिक्षकांमार्फत केलेली बरी, कारण प्रवेशिकेवर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का लागतो. शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यातच हा विषय काढावा; बऱ्याच ठिकाणी सामने भर पावसाळ्यात सुरू होतात. मुंबईत शाळांच्या सामन्यांसाठी मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन ही जुनी संस्था आहे, पण तिच्याकडेही शाळाच सदस्य असते.

टर्फवर पाच-पाच किंवा सात-सात जणांच्या ज्या खासगी लीग चालतात, त्यांत भाग घ्यायला काहीच हरकत नाही. तिथे चेंडूला स्पर्श करण्याची संधी अधिक मिळते आणि वातावरण मोकळे असते. फक्त तिथे मिळालेले प्रमाणपत्र जिल्हा किंवा राज्य निवडीत गृहीत धरले जाईल, अशी समजूत करून घेऊ नये. आयोजक ‘जिल्हास्तरीय’ हा शब्द फार सढळ हाताने वापरतात, त्यामुळे तो दिसल्यास संलग्नतेचे पत्र पाहण्यास मागावे.

गोव्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विफाकडे जावे लागत नाही. तिथे १९५९ पासून गोवा फुटबॉल असोसिएशन स्वतंत्र आहे आणि त्याशिवाय गोवा फुटबॉल विकास मंडळ ही सरकारी संस्था मुलांसाठी प्रशिक्षण केंद्रे चालवते. पेडणे, डिचोली किंवा सत्तरीतल्या पालकांनी गावातल्या क्लबइतकीच त्या केंद्राचीही चौकशी करावी.

तालुक्यात लीगच नसेल किंवा एकही क्लब त्या वयोगटात खेळत नसेल, तर पालकांनीच संघ उभा करण्याचा पर्याय उरतो आणि तो वाटतो तितका अवघड नाही. एकाच वयोगटातली पंधरा-सोळा मुले, ठरलेल्या वारी मिळणारे मैदान आणि निदान डी लायसन्स करण्याची तयारी असलेला एक तरुण खेळाडू एवढे जमले, की जिल्हा संघटनेकडे नव्या क्लबच्या संलग्नतेचा अर्ज कसा करावा, त्यासाठी संस्थेची नोंदणी आवश्यक आहे का आणि शुल्क किती, हे विचारता येते. हे पत्र एका पालकाच्या नावाने न पाठवता सगळ्यांच्या सह्यांनी पाठवावे आणि त्यासोबत मुलांची जन्मवर्षे व मैदानाचा पत्ता जोडावा. संलग्नता मिळायला एखादा हंगाम जाऊ शकतो. तोवर शेजारच्या तालुक्यातल्या क्लबला मैत्रीपूर्ण सामन्यासाठी बोलवावे आणि त्यांच्या प्रशिक्षकाकडून प्रवेशिकेचा गेल्या वर्षीचा नमुना मागून घ्यावा.