घोडी-खेचरांसोबत शिकारीचा तळ: या चुका टाळा

अमेरिकेत, मोंटानातल्या बॉब मार्शल वाइल्डरनेसमध्ये चाक चालत नाही. मोटार, सायकल, हातगाडी, सगळ्यालाच बंदी. चेनसॉही नाही, वाट अडवून पडलेलं झाड हातकरवतीने कापायचं. १९६४ सालच्या कायद्याने या रानाला हे संरक्षण मिळालं आणि ते उत्तमच झालं. पण मग तंबू, लोखंडी शेगडी, माणसांचं जेवण, जनावरांचा खुराक आणि नशिबात असेल तर परतीला एल्कचं (मोठ्या जातीच्या हरणाचं) मांस, हे सगळं पाठीवरूनच न्यायचं-आणायचं. सप्टेंबरच्या मध्यात तिथे रायफलची शिकार सुरू होते आणि जिथे गाड्या लावून पायवाट धरतात तिथे दरवर्षी तोच तमाशा. कालपर्यंत ज्यांनी खेचराला हात लावलेला नाही ते फोनवर व्हिडिओ बघत गाठी मारत असतात. सिअॅटलहून हौसेने आलेली आपली मंडळीही त्यात असतात, म्हणून हे मराठीत लिहितोय.

ओझं अंदाजाने भरणं

खेचर साधारण १५० पौंड, म्हणजे ६८ किलो, दिवसभर वाहू शकतं. हा आकडा सगळे पाठ करून येतात. दोन बाजूंच्या पेटाऱ्यांत फरक किती चालतो, ते मात्र कुणी विचारत नाही. माझ्या हिशेबी दोन-तीन पौंड, त्यावर नाही. डावीकडे डबाबंद अन्न, उजवीकडे झोपायच्या पिशव्या. दोन्ही पेटारे भरलेले दिसतात. चढावर खोगीर डावीकडे सरकत जातं, पाठ सोलवटते आणि शेवटी खोगीर पोटाखाली गेलं की जनावर उधळतं. "हाताने उचलून बघितलं, सारखंच आहे," हे मला ऐकवू नका. मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा स्वस्तात मिळतो. मी तो फांदीला टांगतो, एकेक पेटारा तोलतो आणि वजन चिकटपट्टीवर लिहून पेटाऱ्यालाच लावतो. जड सामान तळाशी, जनावराच्या अंगालगत. निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांनी थांबायचं आणि तंग पुन्हा आवळायचे, कारण बांधताना बरीच जनावरं पोट फुगवून धरतात.

तुटणारी दोरी काढून पक्की लावणं

रांगेतल्या मागच्या खेचराचं दावं पुढच्याच्या खोगिराला थेट बांधत नाहीत. मध्ये पाव इंची मनिला दोरीचा छोटा फास असतो. पॅकर, म्हणजे ओझ्याची जनावरं चालवणारे, त्याला पिगटेल म्हणतात. मोठा झटका बसला की तो तुटावा, एवढंच त्याचं काम.

एका शरदात आमच्या पुढे चौघांचं टोळकं चाललं होतं, तीन खेचरं घेऊन. त्यातल्या एकाला (इंजिनिअरच, दुसरं कोण असणार) हा फास सारखा तुटतो याचा राग आला. तुटत होता, कारण शेवटचं खेचर प्रत्येक ओढ्यापाशी पाय रोवून उभं राहत होतं. गृहस्थांनी गिर्यारोहणाची नायलॉनची दोरी काढली आणि निरगाठ मारून टाकली. पुढे घसरणीच्या वळणावर मधल्या खेचराचा मागचा पाय वाटेबाहेर गेला. ते आडवं झालं, मागचं त्याच्या वजनाने ओढलं गेलं, पुढचं खोगिराला हिसका बसून मागे बसलं. आम्ही पोचलो तेव्हा दोरी ताठ, माणसं ओरडतायत आणि चाकू आडव्या झालेल्या खेचराच्याच पेटाऱ्यात. आमच्यातल्या एकाने दोरी कापली. खेचर वाचलं ते स्वतःच्या अकलेने: निपचित पडून राहिलं. घोडा बहुधा धडपडून खाली गेला असता. शेगडी चेपली, पिठाचा डबा फुटून उतारभर कणीक सांडली, दोघांच्या पायांची सालं निघाली आणि त्यांची शिकार तिथेच आटोपली. तरी साहेब मला सांगत होते की दोरी एकदम उत्तम दर्जाची आहे. अहो, तोच तर घोळ झाला!

फास वारंवार तुटत असेल तर रांगेतला क्रम बदला. अडेल जनावर माहीतगार माणसाच्या हाती, एकटं चालवा. मी खिशात मनिलाचे तुकडे ठेवतो आणि चाकू कमरेला. जनावर कुठेही बांधा, गाठ सुरगाठच हवी.

बाकीच्या, थोडक्यात

रात्री घोडं थेट झाडाला बांधू नका. ते मुळं उकरतं आणि झाड मरतं. दोन झाडांना रुंद पट्टे लावून डोक्यावरून दावण ताणा, पाण्यापासून निदान २०० फूट लांब. घंटा बांधलेली घोडी दावणीला असली की चरायला सोडलेली खेचरं सहसा लांब जात नाहीत. पायबंदाची सवय मात्र घरच्या अंगणात लावा, रानात नव्हे.

राष्ट्रीय वनात तणाचं बी नसल्याची खूण असलेलाच चारा चालतो. निघण्याआधी दोन-तीन दिवस तोच द्या, नाहीतर आधीच्या चाऱ्यातलं बी लिदीतून रानात पोचतं.

ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. अन्न आणि मांस जमिनीपासून १० फूट वर आणि खोडापासून ४ फूट लांब, किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या पेट्यांत. घोड्यांचा दाणाही अन्नातच धरतात.

जाताना सगळी जनावरं गच्च भरू नका. मोठा नर एल्क ३०० किलोच्या आसपास भरतो. त्याच्या मांसाला दोन खेचरं तरी लागतात. मांस सुती पिशव्यांत भरा. प्लॅस्टिकमध्ये ते उबतं आणि नासतं. रक्ताच्या वासाने जनावर बुजत असेल तर नाकपुड्यांच्या कडेला थोडं व्हिक्स, डोळ्यांवर जॅकेट, आणि शिंगांची टोकं गोणपाटात गुंडाळलेली. घाईने चढवायला जाल तर लाथ खाल, आणि मी तुमची कीव करणार नाही.

तळ उठवताना लीद पसरून टाका आणि खुरांनी पाडलेले खड्डे बुजवा. हे काम मी तंबू उतरवण्याआधी करून घेतो. तंबू पेटाऱ्यात गेला की फावडं धरायला कुणी सापडत नाही.