नववीतल्या मुलांच्या आईबाबांसाठी: अमेरिकेत बीएस-एमडीची तयारी

आधी व्हिसाचं बघा. मार्क, निबंध, हॉस्पिटल हे सगळं त्यानंतर.

भारतातून नवीन आलेली कुटुंबं न्यू जर्सीत एडिसनला आमच्याकडे जेवायला येतात, आणि ताटं उचलायच्या आत विषय निघतोच. "ताई, मुलगी नववीत आहे. डॉक्टर व्हायचं म्हणते. इकडे नीटसारखं काय असतं?" मी उलट विचारते, ग्रीन कार्ड आलंय का? प्रश्न जिव्हारी लागतो हे मला दिसतं, पण तो आजच विचारायला हवा. बारावीनंतर थेट डॉक्टरकीची जागा राखून ठेवणारे इथले बहुतेक कार्यक्रम, म्हणजेच बीएस-एमडी, फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना अर्ज करू देतात. मूल एच-फोरवर (आई किंवा बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असेल तर एकविसाव्या वर्षी तो व्हिसा संपतो, एफ-वन हा विद्यार्थ्यांचा व्हिसा घ्यावा लागतो, आणि एफ-वनवरच्या मुलांना घेणारी मेडिकल कॉलेजं मोजकीच आहेत. सरकारी शैक्षणिक कर्जही मिळत नाही. तेव्हा ज्या कॉलेजांकडे अर्ज करायचा मनात आहे, त्यांच्या प्रवेश कार्यालयाला नववीतच ईमेल करून विचारा. उत्तर 'नाही' आलं तरी मुलीला सांगा. आम्ही ज्यांना ओळखतो अशा एका घरात मुलाला हे बारावीच्या ऑक्टोबरमध्ये कळलं. चार वर्षं त्याने जिवाचं रान केलं होतं, आणि घरातल्या मोठ्यांना कागद वाचायला सवड झाली नव्हती.

आता मूळ गोष्ट. इथे डॉक्टरकीचा नेहमीचा रस्ता असा: चार वर्षं साधं कॉलेज, मग एमकॅट नावाची साडेसात तासांची परीक्षा, मग अर्ज, मग चार वर्षं मेडिकल कॉलेज, त्यापुढे तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. एमडीसाठी (ही इथली डॉक्टरकीची पहिलीच पदवी, आपल्या एमबीबीएससारखी) दरवर्षी ५० हजारांहून अधिक जण अर्ज करतात आणि साधारण २३ हजारांना जागा मिळते. मधल्या या चाळणीतून मुलाची सुटका करणारी वाट म्हणजे बीएस-एमडी. हायस्कूल संपतानाच पदवी आणि मेडिकल दोन्हीकडची जागा एकदम मिळते. काही ठिकाणी एखादं-दोन वर्षंही वाचतात. मिझुरीत कॅन्सस सिटीच्या विद्यापीठात सगळं सहा वर्षांत होतं. आमच्या न्यू जर्सीत नूअर्कच्या मेडिकल स्कूलचा टीसीएनजे (कॉलेज ऑफ न्यू जर्सी), एनजेआयटी (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) अशा कॉलेजांबरोबर सात वर्षांचा करार आहे. ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा. त्यात वर्ष वाचत नाही, पण एमकॅट द्यावी लागत नाही, आणि मूल इतिहास-संगीतही मनापासून शिकू शकतं. रॉचेस्टरचा आठ वर्षांचा, न्यूयॉर्क शहरात हार्लेमला सिटी युनिव्हर्सिटीचा सात वर्षांचा. ओळखीच्यांकडून आलेल्या जुन्या याद्यांवर मात्र विसंबू नका. नॉर्थवेस्टर्नचा इतका नावाजलेला कार्यक्रम, तोही बंद झाला.

आणि 'जागा मिळाली' म्हणजे सुटलो असं नाही. पुष्कळ ठिकाणी कॉलेजात ठरावीक जीपीए (सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी) राखावा लागतो, काही ठिकाणी एमकॅटही द्यावी लागते आणि त्यात किमान गुण हवे असतात. ही अट प्रत्येकाची वेगळी. ती नीट वाचल्याशिवाय फी भरू नका.

शाळेचं थोडक्यात सांगते. मूल आठवी-नववीत इकडे येत असेल तर जुन्या शाळेचे सही-शिक्क्याचे निकाल आणि लिव्हिंग सर्टिफिकेट सोबत आणा. आपल्याकडचे ७८ टक्के म्हणजे वर्गात चांगलं पोर. इथे ७८ म्हणजे सी-प्लस. शाळेच्या काउन्सेलरने ते जसेच्या तसे ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजांना जाणाऱ्या गुणपत्रकावर) चढवले तर नुकसान होतं, म्हणून पहिल्याच भेटीत आपली गुणपद्धत समजावून सांगा आणि त्या शाळेत ते मार्क कसे धरतात ते विचारा. गणिताची कुठली पायरी मिळणार हे ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट हलक्यात घेऊ नका. नववीत गणिताची खालची पायरी मिळाली तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठताना दमछाक होते. एपी (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) बायोलॉजी, एपी केमिस्ट्री, फिजिक्स हे हवंच. पण इंग्लिशच्या बाईंशीही नातं जुळू द्या, कारण शिफारसपत्र फक्त विज्ञानाच्या शिक्षकाचं पुरत नाही. अकरावी संपताना, मे-जूनमध्ये, मुलाने स्वतः जाऊन पत्र मागावं. आईने ईमेल करू नये.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. सतरा वर्षांच्या मुलाला हे लोक आठ वर्षांची जागा आज देतात, तेव्हा त्यांना एकच खात्री हवी असते: या मुलाने आजारी माणूस जवळून पाहिलाय का, आणि पाहूनही त्याला इथेच यायचंय का? सॅट या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत १६०० पैकी १५५० पुष्कळांकडे असतात. हे मात्र क्लासला पाठवून येत नाही.

आम्हालाही हे उशिरा उमगलं. मुलगी दहावीत असताना एका नामांकित विद्यापीठाच्या आवारात भरणाऱ्या उन्हाळी 'मेडिकल' शिबिरासाठी आम्ही कित्येक हजार डॉलर भरले. पांढरा कोट, फोटो, प्रमाणपत्र सगळं मिळालं. शिबिर विद्यापीठाचं नव्हतंच, फक्त जागा भाड्याने घेतली होती. पुढे एकाही मुलाखतीत त्याबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. तो पैसा आम्ही पोटाला चिमटा काढून साठवला होता, त्याचं वाईट आजही वाटतं. राज्याची गव्हर्नर्स स्कूलसारखी फीविना चालणारी शिबिरं आहेत, त्यांना प्रवेश कठीण असतो आणि म्हणूनच त्यांना वजन असतं.

ती जे शिकली ते घरापासून दहा मिनिटांवरच्या नर्सिंग होममध्ये. दर शनिवारी सकाळी, दोन वर्षं. काम साधं: पाण्याचे पेले भरायचे, व्हीलचेअर ढकलायची, जेवणाच्या ट्रे पोचवायच्या. तिथे एक गुजराती आजी होत्या. त्यांचं खाणं एकाएकी कमी झालं. 'भूक मंदावली' असं कागदावर लागलं, आणि दळलेलं, पातळ जेवण सुरू झालं. तेही त्या बाजूला सारायच्या. आमच्या मुलीला गुजराती येत नाही, मोडकं हिंदी येतं. एका शनिवारी तिने आजींना हळूच विचारलं, "दाँत कहाँ हैं?" आजींनी कागदी रुमालाकडे बोट दाखवलं. जेवताना कवळी टोचायची म्हणून त्या ती काढून रुमालात गुंडाळून ट्रेवर ठेवायच्या, आणि एक दिवस ट्रेबरोबर ती कचऱ्यात गेली होती. लाजेखातर त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. मुलीने नर्सला सांगितलं, दंतवैद्य आला, नवी कवळी झाली. त्यानंतर पहिल्या शनिवारी आजींनी टोस्टची कडक कड मुद्दाम तिच्यासमोर चावून दाखवली.

घरी येताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, सगळ्यांनी त्यांचं वजन बघितलं, तोंड कुणी बघितलं नाही." तिचा निबंध तिथेच लिहून झाला होता. मुलाखतीत याच गोष्टीवर वीस मिनिटं प्रश्न आले. तुला आधी का नाही सुचलं? नर्सवर राग आला का? आजींनी 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं असतं तर काय केलं असतंस? अशा प्रश्नांची उत्तरं पाठ करून जाता येत नाही.

म्हणून सांगते, एकच जागा धरा आणि तिथे टिका. दहा ठिकाणचे दहा-दहा तास नकोत. हॉस्पिटलांत वयाची अट कुठे १४, कुठे १६, कुठे १८ असते. नर्सिंग होम, अ‍ॅडल्ट डे केअर, गावातला रेस्क्यू स्क्वॉड (अ‍ॅम्ब्युलन्स पथक) इथे बहुधा लवकर दार उघडतं. न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी ईएमटीचं (अ‍ॅम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करणाऱ्याचं) प्रशिक्षण घेता येतं. ज्यांच्या मुलांना रात्री-अपरात्री उठायची तयारी आहे त्यांनी जरूर विचार करावा. एच-फोरवरच्या मुलांनी पगारी काम किंवा स्टायपेंड घ्यायचा नाही, बिनपगारी सेवा करायला मात्र अडचण नसते.

एक बारीक गोष्ट, जी इथल्या कुणी आम्हाला सांगितली नाही. व्हॉलंटियर होण्याआधी टीबीची चाचणी मागतात. आपल्या मुलांना जन्मतः टीबीची लस, बीसीजी, टोचलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचाचाचणी फुगून पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, धावपळ, आणि त्या सत्रातली जागा जाते. डॉक्टरांना बीसीजी झाल्याचं सांगा आणि रक्ताची चाचणी मागा. लसीकरणाचं जुनं कार्ड भारतातच राहिलं असेल तर आजच आजी-आजोबांकडून फोटो मागवा.

मुलीला मी एक वही दिली होती. रुग्णाचं नाव, खोली नंबर काही लिहायचं नाही. रुग्णांची माहिती बाहेर नेण्याबद्दल इथला कायदा कडक आहे. फक्त काय पाहिलं आणि काय वाटलं. काही शनिवारी एकच ओळ असायची: 'आज कंटाळा आला.' तीही राहू द्यावी. सलग सहा महिने कंटाळाच लिहिलेला दिसला, तर मुलाशी शांतपणे बोलावं. आमच्या धाकट्याने अशीच वही चार महिन्यांत बंद केली. तो आता इंजिनिअरिंगला आहे, आणि त्या चार महिन्यांबद्दल घरात कुणी त्याला बोल लावलेला नाही.

अर्जाचं वेळापत्रक घट्ट असतं. कॉमन अ‍ॅप (पुष्कळ कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) १ ऑगस्टला उघडतो आणि कित्येक बीएस-एमडींची मुदत १ नोव्हेंबरलाच संपते. 'डॉक्टरच का' आणि 'आत्ताच का' हे दोन वेगळे निबंध असतात; दुसरा जास्त अवघड. बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात भारतवारी ठेवू नका, ठेवलीच तर जुलैच्या आत परत या. मुलीने ११ ठिकाणी अर्ज केले, ३ मुलाखती आल्या, १ जागा मिळाली. नेहमीच्या कॉलेजांचे अर्ज सोबत केलेच होते. बीएस-एमडी हुकलं म्हणून डॉक्टरकी हुकत नाही, हे मुलाच्या कानावर नववीपासून पडू द्या.

पैशाचं गणित १ मे या निर्णयाच्या तारखेआधी कागदावर मांडा. १ जुलै २०२६ पासून नव्या मेडिकल विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच आहे. खासगी मेडिकल कॉलेजांचा चार वर्षांचा खर्च त्याच्या पुष्कळ वर जातो. बीएसला स्कॉलरशिप मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका, एमडीच्या चार वर्षांचा आकडा वेगळा लिहा.

आमच्याकडे तो कागद एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर होता. एका बाजूला सात वर्षांची राखीव जागा, दुसऱ्या बाजूला जास्त नाव असलेलं कॉलेज आणि पुढे एमकॅट. आम्ही दोघांनी आपापलं मत सांगितलं. ते एकमेकांशी जुळत नव्हतं. मग आम्ही उठून भांडी घासायला गेलो आणि तिला एकटीला बसू दिलं. तासाभराने ती आत आली, कागद फ्रिजवर मॅग्नेटने लावला आणि म्हणाली, "सात वर्षांचं घेते. उद्या शनिवारचं काम सोडल्याचं सांगायला नर्सिंग होमला जायचंय, आजींना आधी मीच सांगणार."