गिरिपुष्पाच्या टेकडीवर देशी रान कसं आणायचं

पुण्यातल्या वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती-पाचगाव या टेकड्या पावसाळ्यात हिरव्यागार दिसतात, पण त्या हिरव्यात मोठा वाटा गिरिपुष्पाचा, म्हणजे उंदीरमारीचा आहे. झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. मुरमावर झटपट वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून लावलं गेलं. ते एका दमात साफ करू नका. त्याच्या मुळांनी जमिनीत नत्र साठवलेलं असतं. अचानक ऊन पडलं की पहिल्याच पावसात तिथे घाणेरी आणि केशरी कॉसमॉस माजतो.

आधी परवानगी. वनजमीन असेल तर वनविभागाची, शहर हद्दीतल्या इतर जमिनीवर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची. परदेशी झाड आहे म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका.

पाहणी फेब्रुवारीत करा. तेव्हा गिरिपुष्प निष्पर्ण आणि गुलाबी असतं, दुरूनही मोजता येतं. त्याच्याखाली दबलेली मोई, सालई, मेडशिंगी, काळा कुडा, हेकळ, अमोणी शोधून रंगीत फीत बांधा. पुढचं काम या फितींभोवती चालतं. प्रत्येक देशी झाडाभोवती दोन-तीन मीटरच्या वर्तुळातलं गिरिपुष्प जमिनीलगत कापा. एका हंगामात एकूण झाडांपैकी फार तर तिसरा हिस्सा, पुढची फेरी तीन वर्षांनी. कापणी मार्चच्या पहिल्या पंधरवड्याआत उरका. शेंगा वाळल्या की तडकून बी लांब उडवतात.

खरी मेहनत कापल्यानंतर आहे, आणि बहुतेक गट इथेच हरतात. खुंटातून धुमारे फुटतात. ते वीतभर असतानाच हाताने खुडा. जून ते ऑक्टोबर दर तीन आठवड्यांनी, सलग दोन पावसाळे. अंगठ्याएवढे जाड होऊ दिले तर मूळ पुन्हा पोसलं जातं आणि एका खोडाच्या जागी सहा उभी राहतात. सालीचा गोल पट्टा काढून झाड उभंच वाळवण्याची पद्धतही आहे, पण वाळलेलं झाड कधी पडेल सांगता येत नाही. पायवाटेपासून १५ मीटरच्या आत ती नकोच.

हिरव्या फांद्या रोवून पायवाटेचा कठडा किंवा पायऱ्या करण्याचा मोह आवरा. गिरिपुष्पाची ओली काठी जमिनीत गेली की मुळं धरते. कुंपणासाठी ते लावतात ते यासाठीच. काठ्या वापरायच्याच असतील तर आधी पूर्ण वाळवा. बाकी फांद्या उतारावर आडव्या रचा, मात्र पायवाटेपासून लांब: उन्हाळ्यात आग लागायला एक विडी पुरते.

नवी लागवड मोजकीच करा. पवन्या-कुसळीचं गवत टिकून आहे तिथे तर खड्डाच नको. ते माळरान आहे आणि त्याचे पक्षी वेगळे. इतरत्र ४५ सेंमी लांबी-रुंदी-खोलीचे खड्डे मे महिन्यात काढून ठेवा आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर बहावा, पळस, धावडा, खैर, मेडशिंगी लावा. पांगारा आणि मोई जाड फांदीवरूनही येतात. आळ्यात पाल्याचं आच्छादन द्या, पण बुंध्यापासून चार बोटं दूर, नाहीतर वाळवी चढते. दोन उन्हाळे दर दहा दिवसांनी दहा लिटर पाणी द्या.

आता फिरायला येणारी मंडळी. कोयता दिसला की पहिला फोन पत्रकाराला जातो, आणि त्यात चूक काही नाही. म्हणून कापणीच्या पंधरा दिवस आधी वाटेच्या तोंडाशी फलक लावा: काय कापणार, का, परवानगी क्रमांक कोणता. बाटलीतून पाणी घालणारे खूप असतात, पण वाटेकडेच्या झाडाला दहा बाटल्या मिळतात आणि आतलं कोरडं राहतं. झाडांना क्रमांक द्या, आतल्या दर दहा झाडांमागे एक झाकणाचा पिंप ठेवा. बाटल्या तिथे ओतल्या की पाणी मोजून वाटता येतं. आळ्यात कुणी हौसेने तुळस किंवा गुलमोहर लावून गेलं तर रोप उपटून त्यांच्याच हाती द्या आणि बहाव्याचं आळं दाखवा.

उतारावरच्या चोरवाटा बंद करताना फक्त खालचं तोंड अडवू नका; लोक वरून उतरतात. वरच्या टोकाला दहा मीटरपर्यंत बोरीच्या काट्या पसरा आणि मुख्य वाटेवर तिरप्या दगडी ओळी घालून पाणी बाजूला काढा. वाट निसरडी राहिली, तर लोक पहिल्याच पावसात शेजारून दुसरी पाडतात.