फाइलीला चिकटलेलं ‘+’ सी प्रोग्राममधून असं काढा

गावच्या अभ्यासिकेत सगळ्या पोट्ट्यांत मिळून एकच लिनक्स मशीन. एखाद्याला दिलेली खास परवानगी तो नागपूरले शिकायला गेला तरी फाइलीवर तशीच राहते. ‘एलएस -एल’ केलं की परवानग्यांच्या शेवटी ‘+’ दिसतं, ते याच एसीएलचं (म्हणजे फाइलीवर कोणाला काय करता येईल याची यादी).

दोनचार फाइली असतील तर कोड लिहूच नका, ‘सेटएफएसीएल -बी’ पुरे. प्रोग्राममधूनच करायचं असेल तर (नावं टाइप करताना अर्थातच इंग्रजी लिपीत):

१. उबुंटूवर ‘लिबएसीएल१-डेव्ह’ पॅकेज टाका. ‘सिस/एसीएल.एच’ आणि ‘एसीएल/लिबएसीएल.एच’ जोडा, कंपाइल करताना शेवटी ‘-एलएसीएल’ द्या.

२. ‘एसीएल_फ्रॉम_मोड(०६४०)’ने साधी एसीएल बनवा. कंसातला आकडा म्हणजे मोड: मालकाला वाचणं-लिहिणं, ग्रुपला फक्त वाचणं, बाकीच्यांना काही नाही.

३. ती ‘एसीएल_सेट_फाइल’ने ‘एसीएल_टाइप_ॲक्सेस’ प्रकारात फाइलीवर बसवा. उत्तर -१ आलं तर ‘पेरर’ छापा. बहुतेक वेळा फाइल दुसऱ्याच्या मालकीची निघते.

४. ‘एसीएल_फ्री’ करा.

फोल्डर असेल तर मोड ०७५० घ्या आणि वर ‘एसीएल_डिलीट_डेफ_फाइल’ही चालवा, नाहीतर आत बनणाऱ्या नव्या फाइली जुनी परवानगी पुन्हा घेऊन येतात. हे नाव फसवं आहे: ते फक्त फोल्डरची डीफॉल्ट एसीएल काढतं, साध्या फाइलीच्या कामाचं नाही.

एक जपा. फाइलीचा आताचा मोड ‘स्टॅट’ (फाइलीची माहिती देणारं फंक्शन) मधून उचलून तसाच देऊ नका. खास परवानग्या असताना तिथले ग्रुपचे बिट म्हणजे मास्क (त्या परवानग्यांची कमाल मर्यादा) असतो, ग्रुपची खरी परवानगी नाही, म्हणून ज्या ग्रुपला काहीच दिलं नव्हतं त्यालाही फाइल उघडी होऊ शकते. हवा तो मोड स्वतः लिहा.