गाडीच्या लाइटच्या अर्थिंगचा बिघाड शोधताना या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, ब्रेक दाबला की नंबर प्लेटचा दिवा मिणमिणतो, बल्ब बदलला तरी तेच. अहो, बल्ब कशाला बदलताय! ब्रेक आणि पार्किंगचे दोन फिलामेंट एकाच बल्बमध्ये असतील तर अर्थिंगही, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी वाट, एकच असते, ती गेली की ब्रेकचा करंट पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो आणि दुसरेच दिवे मंद पेटवतो. भलताच दिवा पेटला की मी आधी अर्थिंगच बघतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे बल्ब काढायचा, मल्टिमीटर बीपवर (जोडणी सलग असली की वाजतो त्या सेटिंगवर) लावायचा आणि वाजला की "अर्थिंग ओके" म्हणून मोकळं व्हायचं. बीपला करंट नावापुरता लागतो, वायरीतली एक तार शाबूत असली तरी वाजतो. 21 वॉटचा ब्रेकचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तिथे ती एक तार काय पुरणार?

मागच्या ऑगस्टमध्ये मित्राची गाडी ताम्हिणीतून भिजून आली. सिंहगड रोडच्या एका गॅरेजवाल्याने दोन बल्ब आणि होल्डर बदलला, वर अख्खं वायरिंग बदला म्हणाला. मीही आधी बीप ऐकून विश्वास ठेवला आणि दोन संध्याकाळी फ्यूज बॉक्समध्ये घालवल्या. तिसऱ्या दिवशी मित्राला ब्रेकवर पाय देऊन बसवलं, बल्ब जागेवरच, मीटर व्होल्टवर, काळी प्रोब लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल होल्डरच्या अर्थ पिनला. 3.8 व्होल्ट! अर्थिंग नीट असेल तर हे 0.2 च्या आत पाहिजे. मग लाल प्रोब एकेक टप्पा पुढे नेली, थिंबलवर (अर्थच्या वायरीच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी धातूची रिंग) 3.7 आणि शेजारच्या खरवडलेल्या पत्र्यावर 0.1. म्हणजे घोळ थिंबल आणि पत्र्याच्या मधेच. डिकीचं कार्पेट उचललं तर बोल्टखाली नुसता गंज.

पत्र्याला नवीन भोक पाडून स्क्रू मारू नका, चार पावसाळ्यात तिथूनच गाडी सडते. होल्डरपासून बॉडीला जोडलेली जादा वायर फक्त तपासायला, कायमची नाही. रंगावर थिंबल कसू नका. मी थिंबल आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासतो, बोल्ट कसतो आणि मग वरून व्हॅसलिन लावतो. कार्पेट टाकायच्या आधी परत ब्रेक दाबायला लावून मीटर बघतोच, त्या गाडीत आकडा 0.2 च्या आत आला तेव्हाच पाना खाली ठेवला.