चेन सॉला जळकं ऑइल नको, झाडाचं तेल घाला

चेन सॉच्या बारला (ज्यावर साखळी फिरते ती लांब पट्टी) घातलेलं तेल परत टाकीत येत नाही, सगळं भुशात नि मातीत उडतं, म्हणून गाडीचं काढलेलं काळं ऑइल त्यात ओतणं बंद करा आधी. रेपसीडपासून (मोहरीच्या जातीचं बी) बनवलेलं बायो बार ऑइल घ्या, डब्यावर ओईसीडी ३०१बी ही तेल कुजण्याची टेस्ट दिसली तर बेस्ट, म्हणजे २८ दिवसांत निदान ६०% तेल जंतू खाऊन टाकतात.

जुनं तेल काढा, टाकी पुसा, बार सोडवून खाचेतला चिकट भुसा पातळ पत्र्याने खरवडा आणि तेलाचं भोक नीट मोकळं करा, निम्मी भानगड तिथेच असते. मग बार नि साखळी परत बसवून, नवीन तेल भरून मशीन चालू करा, बारचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस द्या, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली की काम झालं.

घरचं खोबरेल थंडीत गोठतं, सूर्यफूल-सोयाबीन हवेने गोंदासारखं होतं, एरंडेल तसं सुकत नाही पण जाड असतं, पंप ओढेलच असं नाही. आणि हो, पावसाळ्याआधी मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा, थोडं साधं (खनिज) बार ऑइल घालून दोन मिनिटं फिरवा.