उंडगा म्हणावं की उनाड?

दिवसभर फुटाळ्यावर नाही तर बर्डीत हिंडून आलेल्या पोराचं नागपुरी घरातलं स्वागत ठरलेलं असतं: “कुठं उंडारून रायला होता बे?” दावं सुटलेली गुरंही उंडारतात. याच्या जोडीचं विशेषण उंडगा. त्यात आरोप बेशिस्तीचा असतो, नुसत्या फिरण्याचा नाही. कामासाठी अख्खं शहर पालथं घालणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला उंडगा म्हटलं, तर शब्द चुकला.

रूपं सोपी: उंडगा, उंडगी, उंडगे; प्रत्ययाआधी उंडग्या (‘त्या उंडग्याला सांग’). गोची स्त्रीलिंगात होते. मुलगा उंडगा ठरला की फार तर टवाळ. मुलीला उंडगी म्हटलं की बोट थेट चारित्र्याकडे जातं. भटकभवानी आई-आजीच्या तोंडी लाडाचाही होतो, परक्याच्या तोंडी टोचतो. असे शब्द संवादात पात्राच्या तोंडी घाला, बातमीत नको.

सौम्य हवा तर उनाड. मुलगा, मुलगी, मुलं, कुणालाही लावा, रूप बदलत नाही. नाम उनाडकी किंवा उनाडपणा. इकडे बोलताना पाणीचं ‘पानी’ होतं, म्हणून लिहिताना जास्तीची काळजी घेत ‘उणाड’ करणारे भेटतात. इथे न मूळचाच आहे.

रिकामटेकड्याला हिंडावंच लागतं असं नाही. पानठेल्यावर तासभर एकाच जागी उभा राहूनही ती पदवी मिळते.

सगळ्यात जपून वापरायचा शब्द भटका. भटका कुत्रा, भटकी कुत्री ठीक. मालक असूनही सोडलेल्या गुरांना मात्र मोकाट म्हणतात. माणसांच्या बाबतीत ‘भटके विमुक्त’ बरोबर, पण ‘भटके जमाती’ चूक: जमात स्त्रीलिंगी, म्हणून अनेकवचनात ‘भटक्या जमाती’. महाराष्ट्रात हा आरक्षणाचा प्रवर्ग आहे. विमुक्त म्हणजे 1871 च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या आणि 1952 मध्ये तो रद्द झाल्यावर सुटलेल्या जमाती. या लोकांचं फिरणं पोटासाठी होतं. त्यामुळे चौकातल्या टवाळ पोरांना ‘भटकी जमात’ म्हणणं हा विनोद नाही, अपमान आहे.

भटकंतीला मात्र हा डाग नाही. रविवारी रामटेकला जाऊन आलेला माणूस स्वतःला खुशाल भटक्या म्हणवतो. त्यालाच उंडगा म्हणून पाहा.